मुंबईंतील प्लेगच्या पहिल्या सांथींत आरोग्यखात्याचे चाकर (इ. स. १८९६–१८९८)

(१) विषय

मुंबई शहरांत इ. स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत प्लेगची जी सांथ उघडकीस आली, तिचा इतिहास आजपर्यंत मुख्यतः तीन अंगांनीं लिहिला गेला आहे. पहिलें अंग सरकारी बंदोबस्ताचें. त्यांत तपासणी, विलगीकरण, छावण्या व हुकूमनामे यांची हकीकत येते. दुसरें अंग लोकक्षोभाचें. त्यांत दंगे, वर्तमानपत्रांतील वाद आणि पुण्यांतील १८९७ सालचा रँडवध यांचें वर्णन येतें. तिसरें अंग शास्त्रीय शोधांचें. त्यांत हाफकिनची लस, उंदीर व पिसवा यांची कामगिरी सांगितली जाते. या तिन्ही हकीकतींत एक वर्ग सर्वत्र हजर आहे, परंतु त्याच्याकडे तोंड करून लिहिणारे लेखक थोडे. तो वर्ग म्हणजे आरोग्यखात्याचे खालचे चाकर : गटारें धुणारे, मैला वाहणारे, घरांस चुना देणारे, रोगी उचलून डोलींत घालणारे आणि इस्पितळांत त्यांच्या उशापायथ्याशीं उभे राहणारे.

या निबंधाचें प्रतिपाद्य असें कीं, सांथीच्या पहिल्याच महिन्यांत म्युनिसिपालिटीनें आपला कडक हुकूम जो मागें घेतला, त्याचें एक मुख्य कारण या चाकरांचें खचलेलें मन हें होय. दंगेखोरांस आवरण्यास पोलीस होते, वर्तमानपत्रांस उत्तर देण्यास चिटणीस होते; पण झाडूवाला निघून गेला असतां त्याच्या जागीं उभा करण्यास सरकारपाशीं कोणीहि नव्हता. हें विधान साधार आहे किंवा कसें, तें पुढें पाहूं.

(२) साधनें व त्यांचें मोल

या प्रकरणाचें आद्य साधन म्हणजे त्या वेळचे म्युनिसिपल कमिशनर पी. सी. एच. स्नो यांनीं १८९७ सालीं प्रसिद्ध केलेला अहवाल. त्याच्या जोडीला ब्रिगेडिअर-जनरल गेटेकर यांच्या अध्यक्षतेखालीं मार्च १८९७ मध्यें नेमलेल्या प्लेगकमिटीचा अहवाल, नेथनचा १८९८ सालचा हिंदुस्थानांतील प्लेगवरील ग्रंथ, कॅप्टन काँडनचा १९०० सालचा मुंबईच्या प्लेगचा वृत्तान्त, आणि १८९८–९९ सालीं फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी करणाऱ्या कमिशनचें दप्तर, हीं साधनें आहेत. सांथीच्या कामाचीं छायाचित्रेंहि त्या काळीं घेतलीं गेलीं. बंबानें घर धुतांना, चुना लावितांना, छावणींत रोग्यांची व्यवस्था करितांना अशीं हीं चित्रें आहेत, व त्यांच्या प्रती संग्राहकांच्या परिचयाच्या आहेत.

हीं सारीं साधनें वरच्यांनीं वरच्यांसाठीं लिहिलेलीं आहेत, हें प्रथम ध्यानांत धरिलें पाहिजे. त्यांतून खालच्या चाकराचें दर्शन एका विशिष्ट रीतीनें घडतें. तो कामावर हजर असे तोंपर्यंत कागदावर त्याचा फक्त आंकडा येतो. तो कामावरून निघून जाऊं लागला म्हणजेच त्याच्याविषयीं वाक्यें लिहिलीं जातात. लष्करी दप्तरांत शिपायाचें नांव जसें फितुरीच्या वा फरारीच्या वेळींच ठळक होतें, त्यांतलाच हा प्रकार. म्हणून चाकरांचा इतिहास लिहूं जाणाऱ्यास त्यांच्या गैरहजेरीच्या नोंदींवर भर द्यावा लागतो, व त्या नोंदी भीतीनें वा रागानें लिहिलेल्या असल्यामुळें त्यांची पारखहि करावी लागते.

स्नोच्या अहवालाविषयीं एक सावधगिरी विशेष बाळगली पाहिजे. हुकूम सैल केल्याबद्दल त्याच्यावर टीका होण्याचा संभव होता; अहवाल लिहितांना आपल्या माघारीचें समर्थन करणें त्यास भाग होतें. चाकरांच्या पळून जाण्याचें संकट त्यानें कांहींसें फुगवून सांगितलें असणें अशक्य नाहीं. तथापि आपली सत्ता मैला वाहणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून होती, अशी कबुली कोणताहि अधिकारी हौसेनें देत नाहीं. कबुली देणाऱ्याच्या मोठेपणास ती बाधक आहे, म्हणूनच ती बऱ्याच अंशीं विश्वसनीय मानण्यास हरकत नाहीं.

(३) हलालखोर खातें व १८९० चा कायदा

१८९१ च्या खानेसुमारीप्रमाणें मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती. या वस्तीचा मोठा भाग चाळींत दाटीनें राहत असे, आणि शहराच्या बऱ्याच भागांत मैला माणसांच्या हातांनींच उचलला जाई. हें काम करणारांस दप्तरीं ‘हलालखोर’ व रस्ते-गटारें साफ करणारांस ‘बिगारी’ असें म्हणत. हलालखोरांच्या सेवेसाठीं शहरवासीयांपासून निराळा कर घेतला जाई, व त्याचें नांवहि हलालखोर-कर असेंच होतें. या कामावरील लोक अस्पृश्य गणलेल्या जातींचे होते, व त्यांतील पुष्कळसे गुजरात व काठेवाड या प्रांतांतून आलेले होते. पिढीजात धंदा, परगांव, अस्पृश्यता व मुकादमाची मध्यस्थी अशा चार दोऱ्यांनीं हा चाकर बांधलेला होता. मुकादमामार्फत भरती आणि त्याबद्दल त्यास द्यावयाची दस्तुरी ही मुंबईच्या मजुरींतील सार्वत्रिक रीत होती. १९२९ सालीं नेमलेल्या व १९३१ सालीं अहवाल देणाऱ्या लेबर कमिशननेंहि तिची दखल घेतली आहे.

या चार दोऱ्यांत पांचवी दोरी कायद्यानें घातली. १८८९ सालीं मुंबईच्या हलालखोरांनीं संप केला. त्याच्या पाठोपाठ १८९० सालीं मुंबई सरकारनें म्युनिसिपल चाकरांविषयीं एक निराळा कायदा केला. लोकांच्या आरोग्याशीं वा सुरक्षिततेशीं ज्यांच्या कामाचा संबंध आहे अशा चाकरांनीं परवानगीवांचून वा रीतसर पूर्वसूचनेवांचून काम सोडणें हा या कायद्यानें गुन्हा ठरला, व त्यास कैदेची शिक्षा सांगितली गेली. दुसऱ्या कोणत्याहि मजुरानें काम टाकलें तर त्याचा रोज बुडे. हलालखोरानें टाकलें तर तो तुरुंगांत जाई. शहरास ज्याच्या कामाची निकड सर्वांत अधिक, त्याचाच दर्जा सर्वांत हलका, आणि त्याच निकडीच्या नांवाखालीं त्याचें स्वातंत्र्य सर्वांत थोडें, असा हा प्रकार होता. सांथ आली तेव्हां या कायद्यास सहा वर्षें होऊन गेलीं होतीं, हें पुढील विवेचनासाठीं लक्षांत ठेवावें.

(४) ऑक्टोबर १८९६

मांडवी भागांत प्लेगचे रोगी आढळल्याचें डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं सप्टेंबर १८९६ मध्यें जाहीर केलें. हे गृहस्थ मूळचे गोमंतकांतील. शहराचे हेल्थ ऑफिसर डॉ. वीअर यांनीं सफाईचें काम मोठ्या प्रमाणावर हातीं घेतलें. गटारांतून पाणी सोडणें, कार्बोलिक शिंपडणें, घरांस चुना देणें, कौलें उतरवून उजेड आंत घेणें, भरलेला कचरा उपसणें, हीं सर्व कामें एकदम चालू झालीं. कागदावर हे उपाय डॉक्टरांचे व इंजिनिअरांचे. प्रत्यक्षांत ते बिगाऱ्याच्या हातांचे. पूर्वीं जो चाकर गल्लींतून जात असे, तो आतां घराच्या आंत, रोग्याच्या अंथरुणापर्यंत पाठविला जाऊं लागला.

६ ऑक्टोबर १८९६ रोजीं म्युनिसिपल कायद्याच्या आधारें हुकूम निघाला. रोगी मग तो कोणीहि असो, त्यास जरूर तर सक्तीनें इस्पितळांत नेण्याचा अधिकार त्या हुकुमानें दिला. आर्थर रोडवरील सांथीच्या रोगांचें म्युनिसिपल इस्पितळ या कामीं मुख्य होतें. इस्पितळांत गेलेला परत येत नाहीं, असा समज गरीब वस्तींत पसरला. त्या महिन्यांत राणीच्या पुतळ्यास डांबर फांसण्यांत आलें होतें, तेव्हां तिच्या कोपाच्या शांतीसाठीं माणसांचीं काळिजें काढून नेतात, अशाहि वावड्या उठल्या. २९ ऑक्टोबर रोजीं सुमारें एक हजार गिरणी-मजुरांनीं आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशीं, म्हणजे ३० ऑक्टोबर रोजीं, म्युनिसिपालिटीनें हुकुमाची धार बोथट केली. घरीं योग्य व्यवस्था होत असेल तर रोग्यास हलविण्यांत येणार नाहीं, असें जाहीर झालें.

तारखांचा हा क्रम पाहतां दंगा झाला म्हणून हुकूम सैल झाला, असें अनुमान कोणीहि करील, आणि तें सर्वस्वीं चूकहि नाहीं. परंतु स्नोनें आपल्या अहवालांत भर दिला आहे तो निराळ्या गोष्टीवर. हलालखोर व बिगारी हे शहर सोडण्याच्या बेतांत होते; ते गेले असते तर सारें शहर मैल्याच्या उकिरड्यासारखें होऊन राहण्यास अयोग्य झालें असतें, अशा आशयाचें त्याचें म्हणणें आहे. हे चाकर इतर गरिबांसारखेच गरीब होते. त्यांचीं बायकापोरें त्याच चाळींत राहत, व त्याच वावड्या ऐकत. दुसऱ्याच्या घरांतील रोगी उचलून देणारास आपल्या घरांतील रोगीहि उद्यां असाच उचलला जाईल, हें कळण्यास शिक्षण लागत नाहीं. रोगाच्या घरांत ते रोज शिरत होतेच. त्या भयानें त्यांनीं काम सोडलें नव्हतें. त्यांचें मन मोडलें तें इस्पितळाच्या भयानें, आणि तें इस्पितळ त्यांच्याच खात्याचें होतें.

येथें १८९० च्या कायद्याची आठवण करावी. काम टाकणाऱ्या हलालखोरास तुरुंगांत घालण्याचा अधिकार कायद्यानें आयता दिलेला असतां कमिशनरनें तो उपसला नाहीं. त्याऐवजीं त्यानें आपलाच हुकूम नरम केला. याचा उलगडा कठीण नाहीं. शांततेच्या काळीं चार माणसें काम टाकतात तेव्हां शिक्षेचा धाक चालतो. हजारों माणसें जीव मुठींत घेऊन आगगाडी गांठतात तेव्हां त्यांस धरण्यास तुरुंग पुरत नाहींत, आणि तुरुंगांत बसलेल्या माणसाच्या हातून गटारहि साफ होत नाहीं. कायद्यानें चाकराचें शरीर बांधतां येतें, मन बांधतां येत नाहीं, हा धडा मुंबईच्या म्युनिसिपालिटीस त्या चोवीस दिवसांत मिळाला. दंगा नसता तरी माघार घ्यावी लागली असती काय, हा वादाचा प्रश्न आहे. पण चाकर पक्के असते तर पोलिसांच्या बळावर दंग्याची वाट लावून हुकूम चालूं ठेवतां आला असता, एवढें म्हणण्यास जागा आहे.

(५) गिरणी-मजूर व म्युनिसिपल चाकर

त्याच हिंवाळ्यांत शहर कसें रितें झालें हें सर्वश्रुत आहे. ऑक्टोबर १८९६ ते फेब्रुवारी १८९७ या अवधींत सुमारें पावणेचार लाख लोक बाहेर पडले, असा अंदाज केला गेला. मागें राहिलेल्या मजुरांसाठीं गिरण्यांत चढाओढ लागली. महिना महिना पगार तुंबवून ठेवण्याची जी रीत होती ती तेवढ्यापुरती मोडली. रोजचा रोज मजुरी मिळूं लागली, आणि नाक्यानाक्यांवर मजुरांचे जणूं लिलाव होऊं लागले. मजुराची टंचाई झाली कीं त्याची किंमत वाढते, या साध्या न्यायानें गिरणी-मजुरास संकटांतहि थोडा लाभ झाला.

म्युनिसिपल चाकराची टंचाई गिरणी-मजुराहून कमी नव्हती. मात्र बाजाराचा न्याय त्यास लागूं नव्हता. त्याचा धंदा जातीनें ठरलेला, त्याचा धनी एकच, आणि काम सोडणें हा गुन्हा. मोकळा बाजार त्याच्यासाठीं अस्तित्वांतच नव्हता. म्हणून त्याच्या धाकाचा परिणाम मजुरीवर न होतां हुकुमावर झाला. ३० ऑक्टोबरची सवलत साऱ्या शहरास मिळाली. हलालखोरांच्या भीतीमुळें सधन कुटुंबांतील रोगीहि घरींच राहूं शकले, ही गोष्ट त्या सधनांच्या आठवणींत कोठें नमूद नसली तरी इतिहासानें ती विसरूं नये.

मार्च १८९७ मध्यें जी प्लेगकमिटी नेमली गेली, तिचे सभासद चार : गेटेकर हे सेनापति, स्नो हे कमिशनर, डिमॉक हे डॉक्टर आणि जेम्स हे ड्रेनेजचे इंजिनिअर. साऱ्या मोहिमेचा भार गटारांच्या सफाईवर किती होता हें या नेमणुकीवरून दिसतें. पुढें ९ मार्च १८९८ रोजीं मुसलमान विणकरांच्या वस्तींत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून पुन्हां दंगा पेटला. प्लेगच्या कामावरील माणूस म्हटला कीं तो लोकांच्या रोषास पात्र, अशी स्थिति दीड वर्षांनंतरहि कायम होती. वरून हुकमाचा दाब, खालून दगडांचा मारा, आणि मधोमध पोटासाठीं उभा असलेला चाकर, अशी ही रचना होती.

(६) इस्पितळांतील सेवक

इस्पितळांतील चाकरांची स्थिति रस्त्यावरच्या चाकरांहून निराळी होती. आर्थर रोड इस्पितळाचा कारभार डॉ. नसरवानजी होरमसजी चोकसी यांच्याकडे होता. पारशी, हिंदु, जैन, मुसलमान अशा निरनिराळ्या समाजांनीं आपापलीं स्वतंत्र इस्पितळें उघडलीं. पुण्यांतहि १८९७ सालीं हिंदु प्लेग हॉस्पिटल निघालें व त्यास टिळकांचें साहाय्य होतें. जातवार इस्पितळें निघण्याचें कारण केवळ सोंवळेंओंवळें नव्हतें. आपल्या माणसाची शुश्रूषा ओळखीच्या हातांनीं व्हावी ही त्यांतील खरी ओढ होती. सरकारी इस्पितळास नेमका याच गोष्टीचा तुटवडा होता. शिकलेल्या परिचारिका तेव्हां हाताच्या बोटांवर मोजण्याजोग्या असत, व विलायतेहूनहि परिचारिका आणवाव्या लागल्या. रोजचें जड काम मात्र वॉर्डबॉय, आया व मेहेतर यांनींच उचललें.

रोगाचें स्वरूप आज आपणांस जितकें स्पष्ट आहे तितकें तेव्हां नव्हतें. प्लेगचे जंतु यर्सिननें १८९४ सालीं हाँगकाँग येथें दाखविले होते. परंतु ते उंदरावरील पिसवांच्या द्वारें माणसांत येतात, हें सिमाँनें कराची येथें १८९८ सालीं सुचविलें, व मुंबईंतील संशोधनानें तें पुढें १९०५ नंतरच्या वर्षांत सिद्ध झालें. या ज्ञानाच्या उजेडांत मागें पाहतां एक विपरीत गोष्ट दिसते. गांठीचा प्लेग रोग्यापासून सेवकास सहसा होत नाहीं. प्लेगचें स्वच्छ इस्पितळ हें त्या काळांतील बऱ्यापैकीं सुरक्षित ठिकाण होतें. उलट मेलेल्या उंदरांनीं भरलेलीं घरें, धान्याच्या वखारी व अडगळीच्या खोल्या हींच मरणाचीं ठिकाणें होतीं, आणि तेथें अनवाणी पायांनीं शिरणारा माणूस बिगारी होता. ज्या इस्पितळास सारे भ्याले तें तितकें घातक नव्हतें. ज्या झाडलोटीस कोणीं धोका म्हणून गणलें नाहीं ती घातक होती.

यास अपवाद फुप्फुसांच्या प्लेगचा. तो श्वासावाटे पसरतो. ग्रँट मेडिकल कॉलेजांतील डॉ. मॅन्सर १८९७ च्या जानेवारींत या रोगानें दगावले. त्याच वर्षीं १० मार्च रोजीं पुण्याजवळ सावित्रीबाई फुले यांचें देहावसान झालें. त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनीं उघडलेल्या उपचारकेंद्रांत रोग्यांची शुश्रूषा करितां करितां त्यांसच प्लेग झाला. डॉक्टरचा मृत्यु वैद्यकीय पत्रांत नोंदला गेला, सावित्रीबाईंचा समाजाच्या स्मृतींत. ज्यांच्यामागें पत्र नाहीं व समाजहि नाहीं, अशा सेवकांचे मृत्यु एकूण आंकड्यांत मिसळून गेले.

(७) अविश्वासाचा परिणाम

चाकराचें मन खचण्याचें दुसरें कारण म्हणजे वरच्यांचा त्याच्यावरील अविश्वास. याचें ठळक उदाहरण पुण्याचें. १८९७ सालीं पुण्यांतील प्लेगकमिटीनें, म्हणजे रँड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, घरझडतीसाठीं गोरे सोजीर वापरले. देशी चाकर लांच घेतील, जातभाईंचा पक्ष धरतील व रोगी लपवितील, सोजीर मात्र शिस्तीनें वागतील, असा त्यामागचा विचार होता. त्याचा परिणाम काय झाला तो वाचकांस ठाऊकच आहे. जून महिन्यांत रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यांत आल्या, व पुढें चापेकर बंधु फांसावर गेले.

या प्रकरणाची राजकीय बाजू बहुतेकांनीं चर्चिली आहे. कारभाराच्या दृष्टीनें मात्र त्यांत आणखी एक गोष्ट दिसते. गल्लीबोळांची, भाषेची व घरांतील रीतिरिवाजांची माहिती असलेला माणूस बाजूस सारून सरकारनें परकी माणूस उंबऱ्याच्या आंत पाठविला, तेव्हां झडती पुरी झाली, पण रोग्याची माहिती देणारा मात्र कोणी उरला नाहीं. लांचाचा संशय निराधार होता असें नव्हे. परंतु हलक्या पगाराच्या माणसाच्या हातीं मोठी सत्ता देऊन तो लांच घेतो म्हणून हळहळणें, आणि पगाराचा विचार न करितां त्याच्या डोक्यावर बंदुकवाला बसविणें, हा उपाय रोगाहून जालीम ठरला.

ठपका कोणावर ठेवावयाचा, या प्रश्नाचें दुसरें उदाहरण १९०२ सालचें आहे. पंजाबांत लस टोंचण्याची मोठी मोहीम निघाली तेव्हां परळच्या प्रयोगशाळेवर मागणीचा असह्य ताण पडला. काम झपाट्यानें व्हावें म्हणून लस तयार करण्याच्या रीतींत फेरफार करण्यांत आला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं मुल्कोवाल या गांवीं एकाच बाटलींतून टोंचलेलीं एकोणीस माणसें धनुर्वातानें मेलीं. बाटलींत दोष प्रयोगशाळेंत शिरला कीं टोंचण्याच्या ठिकाणीं, यावर वर्षानुवर्षें वाद चालला. हाफकिन यांस कामावरून दूर करण्यांत आलें, आणि रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं त्यांची बाजू उचलून धरिल्यावर १९०७ सालीं कोठें त्यांच्यावरील किटाळ दूर झालें. त्याच प्रयोगशाळेस १९२५ सालीं त्यांचें नांव मिळालें. हाफकिनसारख्या जगप्रसिद्ध पुरुषास आपली बाजू मांडण्यास पांच वर्षें लागलीं. मग ज्यास सहीहि करितां येत नव्हती अशा ड्रेसरानें वा हलालखोरानें आपल्यावरील ठपक्यास काय उत्तर दिलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

(८) पुढील धागा

४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सांथीच्या रोगांचा जो कायदा मंजूर झाला तो अवघ्या चार कलमांचा होता. त्याच्या चौथ्या कलमानें, कायद्याखालीं सद्‌बुद्धीनें केलेल्या कृत्यांबद्दल कोणावरहि दावा चालणार नाहीं, असें संरक्षण दिलें. त्याचा उपयोग हुकूम देणारांस झाला. हुकूम बजावतांना ज्याचें डोकें फुटलें त्याच्यासाठीं त्यांत कांहींहि नव्हतें. त्या मुळांत बदल होण्यास १२३ वर्षें लागलीं. २०२० सालच्या सांथींत वैद्यकीय सेवकांवर हल्ले झाले, तेव्हां आधीं वटहुकुमानें व नंतर कायद्यानें त्या हल्ल्यांस कठोर शिक्षा ठरविण्यांत आल्या. मारापासून संरक्षण मिळालें ही गोष्ट लहान नव्हे. तथापि पगार, कामाचे तास व माणसांची संख्या हे विषय त्या दुरुस्तींतहि आलेले नाहींत.

हे विषय जुनेच आहेत. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालीं १९४३ सालीं नेमलेल्या कमिटीनें १९४६ सालीं अहवाल दिला. त्या वेळीं हिंदुस्थानांत दर ६,३०० लोकांमागें एक डॉक्टर होता, आणि दर ४३,००० लोकांमागें एक परिचारिका. परिचारिकांचे लांबलचक कामाचे तास, अपुरा पगार व राहण्याची गैरसोय यांवर कमिटीनें स्पष्ट शब्दांत टीका केली. मुंबईंत सफाई-कामगारांस संघटित करण्यासाठीं डॉ. आंबेडकर यांनीं १९३५ सालीं म्युनिसिपल कामगार संघ स्थापन केला, व हलालखोरानें काम सोडल्यास गुन्हा मानणाऱ्या कायद्यांवर त्यांनीं आपल्या लेखनांत कडक टीका केली. १८९६ च्या ऑक्टोबरांत जी गोष्ट कमिशनरानें भीतीनें ओळखली, ती पुढें चाकरांनीं आपल्या हक्कानें मांडली, असा हा धागा आहे.

(९) संग्राहकांस विनंति

राजवाड्यांनीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला, म्हणजे प्लेगच्या ऐन धामधुमींत. एकीकडे दीडशें वर्षांपूर्वींचे कागद वाळवीच्या तोंडांतून सोडविले जात होते, आणि दुसरीकडे त्याच वर्षीं ज्या कागदांचा पुढें इतिहास होणार होता ते गांवोगांवच्या छावण्यांत लिहिले जात होते. त्या दुसऱ्या कागदांस आतां सव्वाशें वर्षें होऊन गेलीं आहेत. त्यांचें वय राजवाड्यांस मिळालेल्या पुष्कळ कागदांच्या तेव्हांच्या वयाजवळ आलें आहे; त्यांची निगा मात्र तितकी होत नाहीं, कारण त्यांवर मोर्तब नाहीं, मोडी वळणाचें सौंदर्य नाहीं आणि कोणा सरदाराचें नांव नाहीं.

तेव्हां संग्राहकांस विनंति अशी कीं, जुन्या वाड्यांतील, दवाखान्यांतील व नगरपालिकांच्या अडगळींतील पुढील कागद रद्दींत जाऊं देऊं नयेत : हजेरीपट, पगारपत्रकें, मुकादमांच्या वह्या, दंडाच्या नोंदी, रजेचे अर्ज, छावणींतील भत्त्यांचे हिशेब, चाकरांस दिलेले दाखले व शिफारसपत्रें, आणि कामावर मेलेल्यांच्या वारसांनीं केलेले अर्ज. अशा कागदाचें मोल ठरवितांना त्यांतील भाषा अशुद्ध आहे किंवा सहीच्या जागीं आंगठ्याचा ठसा आहे, याकडे पाहूं नये. ज्या अर्जावर आंगठा आहे तो अर्ज बहुधा दुसऱ्यानें लिहिलेला असतो; म्हणून लिहिणाराचें नांव, जागा व तारीख या तीन गोष्टी वेगळ्या टिपून ठेवाव्या. कागद विकत घेतांना तो कोठून निघाला ही माहिती विक्रेत्याकडून लेखी घ्यावी. कारण हजेरीपट त्याच्या खात्यापासून तुटला कीं ती केवळ नांवांची यादी राहते.

त्या यादींतील एखाद्या नांवापुढें ऑक्टोबर १८९६ च्या शेवटच्या आठवड्यांत गैरहजेरीची खूण असेल, आणि नोव्हेंबरांत तोच माणूस पुन्हां हजर झालेला असेल. मुंबईच्या म्युनिसिपालिटीनें आपला हुकूम कोणासाठीं बदलला, हें स्नोच्या अहवालापेक्षां त्या दोन खुणांवरून अधिक पक्केपणानें सिद्ध होईल.